हाताशी असलेले पर्वत : स्कॉटलंडचे आरोखर आल्प्स

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

'आल्प्स' हा शब्द कानावर पडताच स्वित्झर्लंडची बर्फाच्छादित शिखरे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. परंतु प्रस्तुत लेखात ज्या आल्प्सची ओळख करून द्यावयाची आहे, ते स्वित्झर्लंडमधले नव्हेत. ते आहेत स्कॉटलंडमध्ये, ग्लासगो या मोठ्या औद्योगिक शहरापासून सुमारे साठ किलोमीटरवर. 'लॉख लाँग' नावाच्या समुद्राच्या फाट्याच्या टोकाशी आरोखर हे लहानसे गाव वसले आहे. त्या गावाच्या पाठीशी डोंगरांचा जो पुंजका उभा आहे, त्याला लोक 'आरोखर आल्प्स' म्हणतात.

नाव मोठे असले तरी उंची मात्र बेताची आहे. यातील सर्वांत उंच शिखर बेन ईमा, ते १,०११ मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर आहे. या पुंजक्यातील सर्वांत प्रसिद्ध डोंगर म्हणजे कॉब्लर, तो तर अवघा ८८४ मीटर. आपले बेळगाव शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. म्हणजे कॉब्लरचा माथा आपल्या कॉलेजच्या मैदानापेक्षा फार तर दीडशे मीटर वर!

मग एवढ्याशा डोंगरांवर लेख कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, या डोंगरांचे वर्णन करताना सगळेजण एक विशेषण हटकून वापरतात, 'सुगम', म्हणजे सहज जाता येण्याजोगे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला अशा शब्दाशी थोडे थांबावेसे वाटते. बाजारात कोणतीही वस्तू आपोआप 'सहज उपलब्ध' होत नाही. तिच्यामागे वाहतूक असते, भांडवल असते, श्रम असतात. पर्वताचेही तसेच आहे काय? तो जन्मतःच सुगम असतो, की त्याला कोणीतरी सुगम केलेले असते? आरोखरचा भूगोल या प्रश्नाचे उत्तर देतो, म्हणून हा प्रपंच.

उंची आणि चढ

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. डोंगराची उंची आणि माणसाला चढावी लागणारी चढण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण घाटमाथ्यावर राहतो, त्यामुळे आपल्या डोंगरांची निम्मी उंची आपल्या पायाखालीच असते. आरोखर गाव समुद्राच्या काठावर आहे. भरतीचे पाणी गावापाशी येते. तिथून कॉब्लरवर जाणाऱ्याला ८८४ मीटरांतले जवळजवळ सर्व मीटर स्वतःच्या पायांनी चढावे लागतात. जाऊन-येऊन सुमारे अकरा किलोमीटरची वाट आणि पाच-सहा तासांची चाल होते.

दुसरी गोष्ट अक्षांशाची. आपले शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला १६ अंशांच्या थोडे अलीकडे आहे, तर आरोखर ५६ अंशांच्या थोडे पलीकडे. तिथे झाडी फार वरपर्यंत जात नाही. अर्ध्या डोंगरावरच ती संपते, आणि त्यापुढे गवत, दलदल व उघडा कातळ. हिवाळ्यात माथ्यावर बर्फ असते आणि दिवस जेमतेम सात तासांचा. उन्हाळ्यात दिवस सतरा तासांहून मोठा. अटलांटिक महासागरावरून येणारे ढग प्रथम या पश्चिमेकडील डोंगरांनाच अडतात, त्यामुळे पाऊस भरपूर. आपल्या सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावर जे घडते तेच; फक्त तिथे पावसाला चार महिन्यांची शिस्त नाही, तो वर्षभर केव्हाही येतो. तात्पर्य, ८८४ हा आकडा कागदावर लहान दिसला तरी डोंगर तसा लहान नाही.

बर्फाने आखलेला नकाशा

या प्रदेशातील दोन शब्द समजून घेतले म्हणजे नकाशा उलगडतो. 'लॉख' म्हणजे सरोवर; पण समुद्राचा जो चिंचोळा फाटा डोंगरांत शिरतो, त्यालाही लॉखच म्हणतात. 'ग्लेन' म्हणजे दोन डोंगररांगांमधली अरुंद, लांबट दरी. हे शब्द गेलिक भाषेतून आलेले आहेत. डोंगरांच्या नावांतील 'बेन' हाही गेलिकच. आपल्याकडे कन्नडमध्ये 'गुड्ड' किंवा 'बेट्ट' म्हणतात तसा. दोन भाषांच्या प्रदेशात राहणाऱ्या आपल्याला हे चटकन समजेल. नकाशावर नाव एका भाषेतले आणि बोलणारा दुसऱ्या भाषेचा, असे झाले की नावाचा अर्थ हळूहळू झाकला जातो. 'बेन ईमा' याचा अर्थ लोण्याचा डोंगर. उन्हाळ्यात गुरे वरच्या कुरणांवर नेऊन तिथेच दूधदुभते करण्याची चाल पूर्वी होती. आज त्या उतारांवर वस्ती नाही. नावात मात्र लोणी शिल्लक आहे.

आता डोंगरांची मांडणी पाहू. पूर्वेला लॉख लोमंड हे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. पृष्ठभागाच्या हिशेबाने ते ग्रेट ब्रिटनमधले सर्वांत मोठे, सुमारे ७१ चौरस किलोमीटर. दक्षिणेकडून लॉख लाँग हा खाऱ्या पाण्याचा फाटा आत येतो. पश्चिमेला ग्लेन क्रो ही दरी चढत जाऊन एका खिंडीला मिळते. या तीन बाजूंच्या मधोमध बेन ईमा, बेन नार्नेन (९२६ मीटर) व कॉब्लर हे तिघे खांद्याला खांदा लावून उभे आहेत. त्यांच्या ईशान्येला बेन व्हेन (९१५ मीटर) आणि बेन व्होर्लिख (९४३ मीटर). आणि या दोघांच्या मधल्या खोलगट जागेत लॉख स्लॉय.

हा सगळा नकाशा हिमनद्यांनी आखला आहे. खडक फार जुना, अभ्रकाचे चकचकीत पापुद्रे असलेला शिस्ट जातीचा. आपल्या दख्खनच्या काळ्या बेसॉल्टशी त्याचे नाते नाही. हिमयुगात बर्फाचे प्रचंड थर या डोंगरांवर साचले आणि वजनाने सरकत खाली आले. वाटेत त्यांनी दऱ्या खरवडून खोल व रुंद केल्या, आणि डोंगरांमधल्या कण्याही जागोजाग झिजवून तिथे खिंडी पाडल्या. लॉख लोमंडचे पाणी समुद्रसपाटीपेक्षा फक्त सात-आठ मीटर उंच आहे. पण उत्तरेच्या भागात त्याची खोली १९० मीटरपर्यंत जाते. म्हणजे सरोवराचा तळ समुद्रसपाटीच्या कितीतरी खाली आहे! नदी असे खोदू शकत नाही. ते बर्फाचे काम. शेवटची हिमनदी इथून सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी नाहीशी झाली. थंडीच्या त्या शेवटच्या कालखंडाला भूशास्त्रज्ञांनी लॉख लोमंडचेच नाव दिले आहे.

सुगमतेचा पहिला हप्ता असा बर्फाने भरला. डोंगरांच्या अगदी पायथ्यापर्यंत पाणी नेले, आणि पाणी म्हणजे त्या काळचा राजमार्ग. शिवाय खिंडी पाडल्यामुळे चांगला चालणारा माणूस एका दिवसात तीन शिखरे करू शकतो.

पाण्याची वाट, लष्कराची वाट, रुळांची वाट

आरोखर आणि लॉख लोमंडच्या काठावरील टार्बेट ही गावे एका सखल पट्टीने जोडलेली आहेत. अंतर सुमारे अडीच किलोमीटर. 'टार्बेट' या शब्दाचा गेलिक अर्थच मुळी दोन पाण्यांमधली अशी जमीन, जिच्यावरून होड्या ओढून नेता येतात. १२६३ साली नॉर्वेचा राजा हाकॉन स्कॉटलंडवर चालून आला, तेव्हा त्याच्या आरमाराची एक तुकडी लॉख लाँगमधून आरोखरपर्यंत आली, तिने आपली जहाजे या पट्टीवरून ओढत लॉख लोमंडमध्ये उतरवली आणि तिथली वस्ती लुटली. डोंगरात शिरण्याची सोय आधी लुटारूंना सापडली, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरी वाट लष्कराने केली. १७४५ साली स्कॉटलंडच्या डोंगरी भागात राजसत्तेविरुद्ध उठाव झाला. सरकारने त्या भागात सैन्य झपाट्याने हलवता यावे म्हणून रस्ते बांधण्याचे काम जोराने चालविले. मेजर कॉलफील्ड याच्या देखरेखीखाली डम्बार्टनपासून इन्व्हररीपर्यंतचा रस्ता ग्लेन क्रोमधून गेला. खिंडीच्या माथ्यावर, सुमारे २४५ मीटर उंचीवर, सैनिकांनी १७४८ साली एक दगड रोवला. चढून आलेल्याने इथे विसावा घ्यावा आणि आभार मानावेत, अशा आशयाचे शब्द त्यावर कोरले होते. त्यावरून त्या खिंडीचे नाव 'रेस्ट अँड बी थँकफुल' असेच पडले. ज्यांच्यावर वचक बसविण्यासाठी रस्ता झाला, त्यांच्या मुलाबाळांनीही पुढे त्याच रस्त्याने ये-जा केली.

एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या. ग्लासगोहून निघालेले प्रवासी आगबोटीने लॉख लोमंडमधून टार्बेटला उतरत, जमिनीची पट्टी ओलांडून आरोखरला येत आणि लॉख लाँगमधून दुसऱ्या बोटीने परत जात. नॉर्वेच्या आरमाराचीच वाट. फक्त आता हातात तलवारीऐवजी तिकीट! १८६६ साली ग्लासगोच्या काही मंडळींनी 'कॉब्लर क्लब' काढला. स्कॉटलंडमधला हा पहिला गिर्यारोहण मंडळ मानला जातो. शनिवारच्या एका दिवसात ग्लासगोहून जाऊन येता येतील असे डोंगर चढावयाचे, हा त्याचा हेतू. डोंगर निवडण्याची कसोटी उंची ही नव्हती. ती वेळापत्रकाची होती. पुढे १८९४ साली ग्लासगो ते फोर्ट विल्यम हा रेल्वेमार्ग सुरू झाला आणि दोन्ही गावांना मिळून त्या सखल पट्टीवर एक स्टेशन मिळाले.

कामगारांचा कॉब्लर

कॉब्लर म्हणजे जोडे शिवणारा. याच्या माथ्यावर कातळाचे तीन सुळके आहेत. खालून पाहिले असता कोणी कारागीर आपल्या कामावर वाकून बसला आहे असा भास होतो, म्हणून हे नाव. खरे सर्वोच्च टोक मधल्या सुळक्यावर आहे. त्यावर उभे राहावयाचे तर कातळातील एका भोकातून पलीकडे सरकावे लागते, मग अरुंद कंगोऱ्यावरून जाऊन वर चढावे लागते. तिथले लोक याला 'सुईत दोरा ओवणे' म्हणतात. जोडे शिवणाऱ्याच्या डोंगराला हे शोभतेच.

पण या डोंगराचा खरा इतिहास १९३० नंतरचा. ग्लासगोच्या शेजारी क्लाइड नदीच्या काठी असलेले क्लाइडबँक हे तेव्हा जहाजबांधणीचे गाव होते. जागतिक मंदीत तिथले काम बसले. 'क्वीन मेरी' या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या अवाढव्य जहाजाचे काम डिसेंबर १९३१ मध्ये थांबले, ते एप्रिल १९३४ पर्यंत थांबलेलेच राहिले. अर्थशास्त्राच्या पुस्तकात आपण मंदीचे आलेख पाहतो. तिथे त्याचा अर्थ होता हजारो कुटुंबांच्या चुली. अशा दिवसांत क्लाइडबँकच्या तरुणांनी १९३० साली 'क्रेग डू' नावाचे गिर्यारोहण मंडळ स्थापन केले. पुष्कळसे कामगार, पुष्कळसे बेकार. हॉटेलात उतरण्याइतके पैसे कोणाकडे नव्हते. बेन नार्नेनच्या उतारावर जे मोठमोठे धोंडे पडले आहेत, त्यांच्या आडोशाला ते रात्र काढीत आणि सकाळी कॉब्लरच्या कड्यांना भिडत. गिर्यारोहण हा तोवर बहुतांशी वकील, प्राध्यापक व सुखवस्तू लोकांचा छंद होता. या मुलांनी त्यातील अवघडातल्या अवघड वाटा काढून दाखविल्या.

मला या साऱ्या हकिकतीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. स्वित्झर्लंडचे आल्प्स कितीही भव्य असोत, क्लाइडबँकच्या बेकार रिव्हेटवाल्याला त्यांचा काय उपयोग? त्याच्या खिशाला आणि त्याच्या रविवारला परवडणारा पर्वत आरोखरचा होता. अंतर आपण किलोमीटरमध्ये मोजतो. पण माणसाच्या दृष्टीने ते भाड्यात आणि सुट्टीच्या तासांत मोजले जाते.

डोंगराच्या पोटातली वीज

दुसऱ्या महायुद्धानंतर या डोंगरांना आणखी एक काम मिळाले. लॉख स्लॉयच्या तोंडाशी ५६ मीटर उंचीचे धरण बांधले गेले. तिथले पाणी बेन व्होर्लिखच्या पोटातून काढलेल्या सुमारे तीन किलोमीटरच्या बोगद्यातून जाऊन, मोठ्या नळांवाटे लॉख लोमंडच्या काठावरील इन्व्हरूग्लस येथील वीजघरात पडते. हा प्रकल्प १९५० साली सुरू झाला. एके काळी 'लॉख स्लॉय' ही मॅकफार्लेन कुळाची युद्धघोषणा होती. आज त्या नावाने वीज तयार होते.

याही प्रकल्पाचे गणित भूगोलावरच उभे आहे. भरपूर पाऊस, वर साठविण्यास खोलगट जागा, आणि थोड्याच अंतरावर मोठा उतार. शिवाय ग्राहक जवळ. संध्याकाळी शहरातील दिवे एकदम लागतात आणि मागणी उसळते, तेव्हा पाच-सात मिनिटांत पूर्ण जोराने चालू होणारे जलविद्युत केंद्र फार उपयोगी पडते. डोंगर शहराच्या जवळ असण्याचा हाही एक लाभ.

घसारा

आतापर्यंत जमेची बाजू पाहिली. परंतु जमाखर्चात खर्चाची बाजू कोरी ठेवता येत नाही. आपण हिशेबशास्त्रात शिकतो की, कोणतीही मालमत्ता वापरली की झिजते आणि त्यासाठी दरवर्षी घसारा काढून ठेवावा लागतो. आरोखरमध्ये घसारा हा शब्द अक्षरशः खरा ठरतो.

ग्लेन क्रोमधला आजचा मोठा रस्ता जुन्या लष्करी रस्त्याच्या वरून, डोंगराच्या कुशीतून जातो. बर्फाने दरीच्या बाजू उभ्या कापून ठेवल्या आहेत आणि त्यांच्यावर सुट्या मातीदगडांचा थर आहे. जोराचा पाऊस झाला की तो थर चिखल बनून खाली येतो. ऑगस्ट २०२० मध्ये सुमारे दहा हजार टन दरड रस्त्यावर आली. पश्चिमेकडील गावांना हा रस्ता म्हणजे जीवनवाहिनी; तो बंद पडला की दूरचा वळसा पडतो. मासळी, लाकूड, पर्यटक, रुग्ण, सर्वांनाच. अशा वेळी गंमत अशी की, वाहने खालच्या त्या अठराव्या शतकातल्या लष्करी वाटेने वळवली जातात. दरडीपासून बचावासाठी रस्त्यावर सुमारे १.४ किलोमीटर लांबीचे मजबूत छत बांधण्याचा पर्याय २०२३ साली स्कॉटलंड सरकारने निवडला. आंबोली घाटातून पावसाळ्यात जाणाऱ्यांना या चिंतेचे वेगळे वर्णन सांगावयास नको.

दुसरी झीज पायांची. हजारो बुटांखाली ओली जमीन फाटते, वाट रुंद होत जाते आणि पावसाचे पाणी तिचा ओढा करते. म्हणून कॉब्लरची वाट दगड बसवून, वळणे घेत बांधून काढावी लागली. तिसरी गोष्ट कचऱ्याची. ज्या खाडीने आगबोटी आणल्या, तीच खाडी आता भरतीबरोबर क्लाइडकडचे प्लास्टिक आणून आरोखरच्या किनाऱ्यावर टाकते. वाट मोकळी असली की तिच्यावरून काय यावे, हे आपण ठरवू शकत नाही.

आणि शेवटी हक्काचा प्रश्न. वाट आहे, गाडी आहे. पण जमीन दुसऱ्याच्या मालकीची असेल तर? स्कॉटलंडमध्ये २००३ साली झालेल्या जमीन सुधारणा कायद्याने प्रत्येकाला, जबाबदारीने वागण्याच्या अटीवर, डोंगर, माळ व पाणी यांवर जाण्याचा हक्क दिला आहे. जमीन खाजगी असली तरी हा हक्क राहतो; घराचे आवार, उभे पीक अशा जागा वगळल्या आहेत. त्याच्या आदल्याच वर्षी, २००२ मध्ये, लॉख लोमंड व ट्रॉसॅक्स हे स्कॉटलंडमधले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले आणि आरोखर आल्प्स त्यात आले. पुढे गर्दी इतकी झाली की, २०१७ पासून लॉख लोमंडच्या काठांसारख्या काही पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर तंबू ठोकण्यासाठी परवाना घ्यावा लागतो. हक्क दिल्यावर तो सांभाळण्याचे नियमही करावे लागले. यावर तिथे वाद झाला, आणि तो रास्तही होता. कारण परवान्याची पहिली झळ बसते ती धोंड्याच्या आडोशाला झोपणाऱ्यालाच, हॉटेलात उतरणाऱ्याला नव्हे.

उपसंहार

तर पर्वत जन्मतः सुगम असतो काय? थोडासा असतो. आरोखरच्या बाबतीत बर्फाने दऱ्या कोरल्या, खिंडी पाडल्या आणि समुद्र पायथ्याशी आणून ठेवला. पण बाकीची सुगमता माणसांनी केली. होड्या ओढणाऱ्यांनी, रस्ता खोदणाऱ्या शिपायांनी, रूळ टाकणाऱ्यांनी, वाटेवर दगड बसविणाऱ्यांनी आणि कायदा करणाऱ्यांनी. आणि ती एकदा करून भागत नाही. प्रत्येक पावसाळ्यानंतर तिचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

उंचीचे आकडे तर बदलतातही. ३,००० फूट, म्हणजे ९१४.४ मीटर, उंचीच्या स्कॉटिश डोंगरांची यादी सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली प्रथम केली. खिंडीपलीकडचा बेन अ‍ॅन लॉखन हा डोंगर कित्येक वर्षे त्या यादीत होता. नव्या मोजणीत तो ९०१ मीटरच भरला आणि १९८१ साली यादीतून उतरला. बेन व्हेन मात्र एक-दीड मीटरने तरला. बेन अ‍ॅन लॉखनवर जाणारी माणसे त्यामुळे थांबली नाहीत. रस्ता त्याच्या पायथ्याशी होता, आणि तेवढे पुरेसे होते.

आपल्याकडेही डोंगरांची थोरवी आपण उंचीवरून सांगतो. यापुढे कोणी एखाद्या डोंगराची गोष्ट सांगू लागला, तर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात असे मला वाटते : तिथे जाण्याचे भाडे किती, वर जाण्याची मोकळीक कोणाकोणाला आहे, आणि वाट वाहून गेली तर ती दुरुस्त कोण करते?